‘उद्या घरी न्या,’ म्हणतात... पण घर तयार आहे का?

दवाखान्यात आपले माणूस असले, की घरातल्या बाईचे कान एकाच वाक्याकडे लागलेले असतात. सकाळच्या फेरीला डॉक्टर येतात, कागद चाळतात आणि एक दिवस सहज म्हणून जातात, “उद्या घरी न्यायला हरकत नाही.” झाले! पंधरा दिवसांचा शीण एका क्षणात उतरतो. डबे पोचवणे संपले, बाकावरची झोप संपली, रात्रीची जागरणे संपली. आपण लगबगीने पिशव्या भरायला लागतो. बिलाची रांग, औषधांची चिठ्ठी, पुन्हा दाखवायला आणायची तारीख, थर्मास, चादरी, तांब्याभांडे. रिक्षा सांगायची की गाडी?

मैत्रिणींनो, मला तुम्हाला एकच विचारायचे आहे. या सगळ्या गडबडीत घराला कुणी विचारले का, की बाई गं, तू तयार आहेस का?

मी विचारले नव्हते. त्याची फार मोठी किंमत आमच्या घराने मोजली आहे. म्हणून आज हे लिहायला बसले.

मामंजींच्या वेळी

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मामंजी अंगणात पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, उत्तम झाले. आठवड्याभरात वॉकर धरून ते वॉर्डात चार पावले टाकायला लागले. घरी सोडताना सांगण्यात आले, “जपून राहा. खाली बसू नका. टाके काढायला अमुक दिवशी या.” बस्स. आम्ही आनंदाने घरी आलो. मी तर औक्षणाचे ताट तयार ठेवले होते.

आमचे घर जुने. पुढे तीन पायऱ्या, प्रत्येक खोलीला उंबरठा, बाथरूममध्ये गुळगुळीत फरशी. पाचव्या दिवशी पहाटे मामंजी कुणालाही न उठवता संडासाला गेले. सुनेला कशाला उठवायचे, ही त्यांची भीड. उठताना आधाराला त्यांनी भिंतीवरची टॉवेलची दांडी धरली. दांडी स्क्रूसकट हातात आली.

त्यानंतर मामंजी चालले नाहीत. हृदय दुबळे, दुसरे ऑपरेशन झेपणार नव्हते. सात महिने अंथरुणावर काढून ते गेले. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या धुताना मी रोज मनात म्हणत असे, त्या दिवशी मला जाग का आली नाही? आज मात्र वाटते, प्रश्न माझ्या झोपेचा नव्हताच. ऑपरेशन चांगले झाले, औषधे वेळेवर दिली, पण टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलत नाही, हे आम्हाला सांगणारे कुणी भेटले नाही. आणि असे सांगणारे कुणी असते, हे आम्हाला ठाऊकही नव्हते.

“या वयात कसला व्यवसाय?”

गेल्या वर्षी सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला. वय बहात्तर. या वेळी दवाखाना वेगळा, मोठ्या शहरातला. चौथ्या दिवशी सकाळी एक तरुण बाई खाटेजवळ आल्या. गळ्यात स्टेथोस्कोप नाही, हातात इंजेक्शन नाही. एक कापडी पिशवी तेवढी. म्हणाल्या, “मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट.” खोलीबाहेरच्या पाटीवर मराठीत लिहिले होते, ‘व्यवसायोपचार विभाग’.

खरे सांगू? मला हसू आले. मी म्हटले, “आईंना आता या वयात कुठला व्यवसाय करायला लावणार?”

त्याही हसल्या. म्हणाल्या, “सगळेच असं विचारतात. व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नव्हे. माणूस सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत ज्या ज्या गोष्टींत गुंतलेला असतो ना, तो त्याचा व्यवसाय. तोंड धुणं, आंघोळ, साडी नेसणं, देवपूजा, भाजी निवडणं, नातवाला गोष्ट सांगणं. हे पुन्हा कसं जमेल, ते बघणं म्हणजे माझं काम.”

फिजिओथेरपिस्ट आपल्याला आता ठाऊक असतात. ते हातापायांत ताकद आणतात, सांधे मोकळे करतात, उभे राहायला आणि चालायला शिकवतात. मग या बाई काय निराळे करतात? माझ्यापुरते मी असे समजले, की हात वर उचलायला फिजिओथेरपिस्ट शिकवतात आणि त्याच हाताने केस विंचरायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट. दोघांची कामे एकमेकांत मिसळतातही. पण घरी गेल्यावरचा दिवस डोळ्यांसमोर आणून त्याची आखणी करणे, हे या दुसऱ्या बाईंचे खास काम.

आणि ती आखणी सुटीच्या आदल्या दिवशी करायची नसते बरे का. आमच्या थेरपिस्ट बाई चौथ्या दिवशी आल्या, तेव्हा घरी जायला अजून आठवडा होता. “पेशंट दाखल झाला, की त्याच्या घरी जाण्याचा विचार सुरू व्हायला हवा,” असे त्या म्हणाल्या. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, समाजसेविका यांच्याशी बोलून त्या आपले मत देतात. हे माणूस घरी सुरक्षित राहील का, किती मदत लागेल, कोणती साधने हवीत, घरात काय बदलावे लागेल.

ताटाची डावी बाजू

आमच्या सासूबाईंचे एक विचित्र चालले होते. डब्यातले जेवण ताटात वाढून दिले, की भाजी-आमटी संपे, पण चटणी-कोशिंबिरीला त्या हातच लावत नसत. लिंबाची फोड तशीच. आणि चटणी म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण! मला वाटले, माझ्या हातची चव आवडत नसेल. ह्यांना वाटले, आजारपणाचा हट्टीपणा. वन्संना वाटले, आईच्या तोंडाची चव गेली.

थेरपिस्ट बाईंनी नुसते एकदा शेजारी बसून आईंचे जेवण पाहिले. मग काही न बोलता ताट अर्धे फिरवले. डावीकडची चटणी उजवीकडे आली. आईंनी लगेच बोट लावले आणि मला म्हणाल्या, “आज चटणी केलीस होय?”

मग त्यांनी समजावून सांगितले. झटका मेंदूच्या उजव्या भागाला बसला, की काही जणांना डावीकडच्या जगाचे भानच राहत नाही. डोळे शाबूत असतात, पण मन तिकडे वळत नाही. घड्याळाचे चित्र काढायला दिले, तर आईंनी सगळे आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने लिहिले. केस विंचरले ते उजवीकडचेच. “हा हट्ट नाही, विसराळूपणाही नाही, हा आजाराचाच भाग आहे,” बाई म्हणाल्या. “आणि घरी गेल्यावर डावीकडचा दरवाजा, डावीकडची पायरी, डावीकडचा गॅस त्यांच्या ध्यानात येणार नाही. म्हणून हे आत्ता कळायला हवं.”

विचार करा, हे न कळता आम्ही त्यांना घरी नेले असते तर?

शिवणाच्या डब्यातली टेप

त्यानंतर त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात शिरताना पायऱ्या किती? एकेका पायरीची उंची किती? कठडा आहे का, कोणत्या बाजूला? खाट जमिनीपासून किती उंच? संडास बैठा की कमोड? बाथरूमचे दार आत उघडते की बाहेर? रात्री दिव्याचे बटण खाटेवरून हाताला येते का? दहा ते पाच घरात कोण असते?

मला निम्म्या प्रश्नांची उत्तरे येईनात. चोवीस वर्षे ज्या घरात वावरले, त्या घराच्या पायरीची उंची मला सांगता येईना! त्या म्हणाल्या, “शिवणाच्या डब्यात टेप असेल ना? आज घरी जाऊन मोजा आणि मोबाइलवर फोटो काढून आणा.” इंग्लंडसारख्या देशात थेरपिस्ट गरज पडली तर रुग्णाला घरी सोडण्याआधी स्वतः त्याचे घर पाहून येतात. आपल्याकडे ते क्वचितच जमते, पण टेप आणि फोटो यांवरही पुष्कळ काम होते.

माझी मापे पाहून त्यांनी एकेक गोष्ट उलगडली. तुमच्या उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पायऱ्या : चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा, तर एक इंच उंचीला बारा इंच लांबी लागते. आमच्या तीन पायऱ्या मिळून अठरा इंच, म्हणजे अठरा फूट उतार! अंगण जेमतेम आठ फुटांचे. ह्यांनी गवंड्याला सांगून ठेवले होते, तो आखूड, चढा उतार करून मोकळा झाला असता आणि खुर्ची घसरली असती. आई काठी धरून आधाराने चालू लागतील, असा थेरपिस्ट बाईंचा अंदाज होता. त्यामुळे उतार रद्द झाला आणि कठडा बसला, तोही दोन्ही बाजूंना. का? तर चढताना उजवीकडे असलेला कठडा उतरताना डावीकडे येतो, आणि डावा हात तर चालत नाही. इतकी साधी गोष्ट, पण आम्हा कुणाच्या डोक्यात आली नव्हती. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी, हेही तिथल्याच जिन्यावर शिकवले.

उंबरठे : आतल्या खोल्यांचे उंबरठे काढून टाकले. पुढच्या दाराच्या उंबरठ्याला मात्र आई हात लावू देईनात. “लक्ष्मी यायची कुठून?” मग त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या उतरत्या पट्ट्या बसवल्या आणि कडेला पिवळा रंग दिला. लक्ष्मीही राहिली आणि पायही अडखळला नाही.

खाट : आमचा दिवाण तेरा इंच उंच. एवढ्या खालून उठायचे तर निरोगी माणसालाही जोर लावावा लागतो. बसल्यावर पावले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहिले पाहिजेत. आईंच्या बेताने ते माप अठरा इंच आले. सुताराकडून खाचेचे लाकडी ठोकळे करून पायांखाली दिले. खाटेची उजवी बाजू भिंतीला होती, ती मोकळी केली, कारण चांगल्या बाजूने उतरणे सोपे.

संडास-बाथरूम : बैठ्या संडासावर ठेवायची मधे भोक असलेली खुर्ची मिळते. फोडाफोड न करता काम झाले. उजव्या हाताला भिंतीत पक्का बसवलेला लोखंडी दांडा. टॉवेलची दांडी नव्हे! तो बसवताना मी तिथे उभी होते आणि गवंडी गेल्यावर मी स्वतः त्याला लोंबकळून पाहिले. मामंजींची आठवण येऊन डोळ्यांना पाणी आले, ते आले. आंघोळीला रबरी बुडाचे स्टूल. दाराबाहेरचे सुटे पायपुसणे काढून टाकले. दाराची आतली कडी काढली, कारण आत कुणी पडले तर दार उघडता आले पाहिजे. पाणी किती कढत आहे ते नेहमी चांगल्या हाताने पाहायचे, कारण दुबळ्या हाताला चटका कळतोच असे नाही.

कपडे : घालताना दुबळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. एवढे लक्षात ठेवले तरी रोजची ओढाताण निम्मी होते. पुढून उघडणारा गाऊन, हुकांऐवजी चिकटपट्टी. सणासुदीला शिवलेली साडी.

आणि एक ताकीद. दुबळा हात धरून माणसाला कधीही ओढायचे नाही, काखेत हात घालून उचलायचे नाही. पक्षाघातात खांद्याचा सांधा सैल झालेला असतो, तो निसटतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. मालिशवाल्या बाईंनाही हे बजावून सांगा. आमच्याकडे येणाऱ्या बाई हात धरून चांगला जोराचा हिसका देत, ‘नस मोकळी’ करायला! ते बंद केले.

“आईला कामाला लावता?”

दवाखान्यातच थेरपिस्ट बाईंनी आईंना एका हाताने काय काय जमते, त्याची सवय सुरू केली. ताटाखाली ओले फडके घालायचे, म्हणजे ताट सरकत नाही. फळीला खालून दोन खिळे ठोकून त्यांची टोके वर काढायची, त्यात बटाटा रोवायचा आणि एका हाताने सोलायचा. विळी मात्र बंद. आई घामाघूम होत. एकदा बटाटा तीनदा निसटला. नेमक्या तेव्हाच नाशिकहून वन्सं आल्या.

त्यांनी ते पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आईनं जन्मभर कष्ट केले. आता आजारपणात तरी तिला कामाला लावू नका. होत नसेल तर मी घेऊन जाते.”

वॉर्डातल्या बाकीच्या बायका बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तुमच्यापैकी ज्या सुना आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. सासूला हाताने भरवणारी सून चांगली, आणि तिच्या हातात सुरी देऊन बाजूला उभी राहणारी? लोक काय म्हणतील?

थेरपिस्ट बाईंनी वाद घातला नाही. त्या आईंजवळ बसल्या आणि विचारले, “आजी, घरी गेल्यावर तुम्हाला स्वतःला करता यावी अशी एकच गोष्ट सांगा.”

मला वाटले, आई म्हणतील चालायचे आहे. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग सावकाश, अडखळत म्हणाल्या, “आंघोळीला कुणी आत नको. आणि देवाला फूल मी वाहीन.”

वन्सं खाली मान घालून बसल्या. थोड्या वेळाने त्यांनीच बटाटा उचलून पुन्हा खिळ्यांत रोवून दिला.

सेवा म्हणजे सगळे हाताशी करून देणे, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. पण ज्या गोष्टी माणसाला स्वतःला जमण्यासारख्या आहेत, त्या आपण करून देत राहिलो, तर उरलेसुरले बळही जाते आणि मनाची उमेदही जाते. आपल्या मायेनेच माणूस अधिक परावलंबी होते. कुठे हात द्यायचा आणि कुठे हात मागे घ्यायचा, ही रेघ कुठे ओढायची ते थेरपिस्ट सांगतात. मुख्य म्हणजे तशी लेखी यादी देतात. आमची यादी मी फ्रीजवर चिकटवली. मग ‘सून करत नाही’ असे कुणी म्हणायला नको, बाईंनीच तसे लिहून दिले आहे!

शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी ह्यांना आणि मला त्यांच्यासमोर सगळे करायला लावले. खाटेवरून खुर्चीवर घेणे, उभे करणे, संडासापर्यंत नेणे. ह्यांनासुद्धा, बरे का! “हे फक्त सुनेचं काम नाही,” असे त्यांनी ह्यांच्या तोंडावर सांगितले. मग मला म्हणाल्या, “तुमची नोकरी साडेदहा ते साडेपाच. तुमची पाठ दुखते का? रात्री झोप किती मिळते? तुम्ही पडलात तर ही सगळी आखणी कोसळेल.” माझ्या पाठीची चौकशी त्या घरात चोवीस वर्षांत कुणी केली नव्हती. पाठ न वाकवता, गुडघ्यांत वाकून, माणसाच्या अगदी जवळ उभे राहून आधार कसा द्यायचा, ते त्यांनी शिकवले. दुपारसाठी एक मदतनीस बाई ठेवायचे तिथेच ठरले.

ही विद्या आपल्याकडे आली कुठून?

तुम्ही म्हणाल, हे काहीतरी परदेशी, नवे खूळ दिसते. मुळीच नाही. आपल्या देशातली या विषयाची पहिली शाळा आपल्या मुंबईतच, के.ई.एम. रुग्णालयात, 1950 साली सुरू झाली आणि ती सुरू केली एका सुनेने! कमला निंबकर मूळच्या अमेरिकेच्या. लग्न करून निंबकरांच्या मराठी घरात आल्या. अमेरिकेत या विषयाचे शिक्षण घेऊन त्यांनी ते इथे रुजवले. लेखिका जाई निंबकर, म्हणजे इरावतीबाई कर्व्यांची लेक, या त्यांच्या सूनबाई. 1952 साली भारतातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांची संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक संघटनेच्या संस्थापक देशांत भारतही होता. आज मुंबईत के.ई.एम., नायर आणि सायन या रुग्णालयांच्या महाविद्यालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा विषय शिकवला जातो. हाजीअलीजवळ केंद्र सरकारची शारीरिक पुनर्वसनाची संस्था 1955 पासून आहे. आणि 2021 साली संसदेने केलेल्या आरोग्य-व्यावसायिकांच्या कायद्यात ऑक्युपेशनल थेरपिस्टांचाही समावेश झाला.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेतल्या संशोधकांनी 2016 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. दवाखाने कोणकोणत्या सेवांवर खर्च करतात आणि घरी गेलेले रुग्ण महिन्याभरात पुन्हा दाखल होतात का, हे त्यांनी ताडून पाहिले. हृदय दुबळे होणे, न्यूमोनिया आणि हृदयविकाराचा झटका या तिन्ही आजारांत पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण कमी आढळले, ते ऑक्युपेशनल थेरपीवर जास्त खर्च करणाऱ्या दवाखान्यांत. तपासलेल्या खर्चांपैकी असा संबंध याच एका खर्चाचा दिसला. मला ते वाचून नवल वाटले नाही. मला आमची टॉवेलची दांडी आठवली.

लहान गावातल्या दवाखान्यात मात्र हे थेरपिस्ट नसतात, हेही खरे. तिथे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, “जवळच्या शहरात कुणी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत का? चिठ्ठी द्याल का?” घरी नेण्याआधी एकदा जरी भेट झाली, घराचे फोटो आणि मापे दाखवता आली, तरी पुष्कळ. तेही नाही जमले, तर फिजिओथेरपिस्टांना आणि वॉर्डातल्या सिस्टरना खालचे प्रश्न विचारा. कात्रण काढून ठेवा हवे तर.

घरी नेण्याआधी विचारा

1. खाटेवरून उठणे, बसणे, चालणे यांतले रुग्णाने एकट्याने काय करायचे आणि कशाला माणूस हवे?

2. आंघोळ आणि संडास कसा करायचा? आमच्या घरात असे असे आहे, मग काय बदल करू?

3. काठी, वॉकर, चाकाची खुर्ची यांपैकी नक्की काय हवे? विकत घेऊ की काही दिवस भाड्याने आणू? खुर्ची घेण्याआधी दारांची रुंदी मोजा. साधी खुर्ची 24 ते 26 इंच रुंद असते आणि आपली बाथरूमची दारे कधीकधी तेवढीही नसतात.

4. रुग्णाला काही दिसण्यात, समजण्यात, लक्षात राहण्यात फरक पडला आहे का? गॅसजवळ एकटे सोडू का? औषधे स्वतः घेता येतील का?

5. कोणत्या हालचाली मुळीच करायच्या नाहीत?

6. घरातली कोणती कामे त्यांनी पुन्हा सुरू करावीत आणि केव्हा?

7. उचलण्या-बसवण्याची पद्धत आम्हाला तुमच्यासमोर करून पाहता येईल का?

8. घरी गेल्यावर अडले तर कुणाला फोन करायचा?

एक लक्षात ठेवा. आमच्या घराला जे लागू पडले, ते तुमच्या घराला पडेलच असे नाही. खुबा मोडलेल्या माणसाचे निराळे, पक्षाघाताचे निराळे, गुडघे बदललेल्याचे निराळे. म्हणून माझ्या मापांची नक्कल करू नका, आपली मापे घेऊन तज्ज्ञांकडे जा.

आणि आमच्या आई?

सगळे छान झाले असे मी लिहिणार नाही. डाव्या हातात फारशी ताकद आलेली नाही. कधीकधी त्या चिडतात, रडतात. गाऊन त्यांना आजही आवडत नाही. आंघोळीला त्या चार महिन्यांनी एकट्या जाऊ लागल्या. दार नुसते लोटलेले असते आणि मी बाहेर उगीचच वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत उभी राहते. त्यांना ते ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, पण आम्ही दोघी बोलत नाही.

देव्हारा जमिनीवर होता, तो टेबलावर घेतला. खुर्चीवर बसून देवपूजा करायची, याचा आईंना आधी फार संकोच वाटे. सुरुवातीला उजवीकडच्या देवांना फुले मिळत आणि डावीकडचा बाळकृष्ण तसाच राही. थेरपिस्ट बाईंनी सांगितल्याप्रमाणे देव्हाऱ्याच्या डाव्या कडेला मी लाल फीत लावली. “फीत दिसेपर्यंत बघायचं, आजी,” असे त्यांनी शिकवले होते. कितीतरी दिवस मी आठवण करून देत होते.

एका सकाळी मी डबा भरत होते. आतून हाक आली, “अगं, आज एक फूल कमी पडलं.”

मी जाऊन पाहिले. बाळकृष्णाच्या डोक्यावर जास्वंद होते. उजवीकडच्या अन्नपूर्णेला उरले नव्हते. मी धावत अंगणात गेले आणि आणखी एक तोडून आणले.